नेमूअण्णांची टिचकी

सांगलीत काटा असलेली जी म्हणून वस्तू आहे, तिला नेमूअण्णा मगदुमांनी एकदा तरी टिचकी मारलेली आहे. वाण्याचा ताणकाटा, शेजाऱ्याच्या स्कूटरवरचा पेट्रोलचा काटा, बँकेतलं भिंतीवरचं घड्याळसुद्धा. घड्याळासाठी ते शिपायाच्या स्टुलावर चढले होते. मधलं बोट अंगठ्याखाली दाबून सोडायचं, काचेवर टक् असा आवाज येऊ द्यायचा आणि मग मान किंचित कलती करून बघायचं, ही त्यांची पद्धत. टिचकीच्या आधी काटा काय दाखवत होता, याला त्यांच्या लेखी काडीची किंमत नव्हती.

एकदा त्यांना चक्कर आली म्हणून आक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, आणि मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला आणि काट्याकडे बघत हवा सोडायला लागले. अण्णांनी मोकळ्या हाताने डॉक्टरांच्या हातातल्या त्या यंत्राला टिचकी मारली.

"मगदूम, काय करताय?" डॉक्टर म्हणाले.

"नुसतं बगून सांगू नगा. काटा आडकला आसंल."

"नवीन मशीन आहे हे. गेल्याच महिन्यात घेतलंय."

"मग तर आडकणारच. जुन्या काट्याला कामाची सवय असती. नवा लाजतोय."

डॉक्टरांचाच रक्तदाब तपासावा असा त्यांचा चेहरा झाला. पण काटा दोन घरं खाली आलेला आम्ही चौघांनीही पाहिला होता. त्यानंतर मी माझा रक्तदाब दाखवायला गेले, तेव्हा डॉक्टरांनी दाराकडे एकदा बघून घेतलं आणि हळूच टिचकी मारली.

मी मूळची साताऱ्याची. सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली आणि त्यातली शेवटची चौदा नेमूअण्णांच्या घराच्या वरच्या मजल्यावर. अण्णा कुंडलचे, जैन, घरची थोडी द्राक्षबाग भावाकडे. स्वतः एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात नोकरीला होते. बॉयलरचा दाब, रसाचं तापमान, पाण्याची पातळी, जिथे जिथे गोल डायल आणि त्यात काटा, तिथे तिथे अण्णा. त्यांच्या निवृत्तीच्या आधी दोन वर्षं कारखान्यात संगणक आले, पडद्यावर आकडे दिसायला लागले आणि सगळ्या जुन्या डायली काढून भंगारात टाकल्या. अण्णांनी साहेबांची परवानगी काढून त्यातल्या बारा घरी आणल्या आणि अकरा हॉलच्या भिंतीवर तीन रांगांत लावल्या. त्या कशालाच जोडलेल्या नव्हत्या. सगळे काटे शून्यावर होते. तरी रोज सकाळी आंघोळ झाली की अण्णा रांगेने अकरा टिचक्या मारत आणि शून्य बरोबर आहे याची खात्री करून घेत.

"लोकांच्या हालमदी सासू-सासऱ्यांचं फोटू असत्यात," आक्का आल्यागेल्याला सांगत. "आमच्या हालमदी बॉयलर हाय."

बारावी डायल त्यांनी आक्कांच्या कुकरच्या झाकणाला बसवली. आक्का शिट्ट्या मोजून कुकर उतरवणाऱ्या. अण्णांना ते पटेना. "शिट्टी म्हंजी अफवा," ते म्हणत. "काटा म्हंजी बातमी." आठवडाभर घरात बातमीवर शिजवलेली डाळ होती. ती इतकी टणक राहिली की आठव्या दिवशी आक्कांनी झाकण बदललं आणि जुनं झाकण डायलसकट भिंतीवर, बाराव्या जागी, स्वतःच्या हाताने लटकवलं. अण्णांनी त्यावरही सकाळची टिचकी सुरू केली.

अशा माणसाच्या हातात विमान पडलं, ते मुलीमुळे. ती पुण्याला असते, संगणकातलं काम करते. वडील रिकामे बसून आईला छळतात हे ऐकून तिने आपला जुना संगणक सांगलीला आणून ठेवला आणि त्यात विमान उडवायचं एक सिम्युलेटर घालून दिलं. ते फुकट मिळतं. जगभरातले हौशी लोक फावल्या वेळात ते बनवतात. त्यातलं सगळं लिखाण उघडं असतं, ज्याला चूक दिसेल त्याने दुरुस्त करून पाठवावं, जाणत्यांनी तपासून आत घ्यावं, असा त्यांचा रिवाज आहे. मुलीला वाटलं, बाबा विमान उडवतील. बाबांनी ते कधीच उडवलं नाही. धावपट्टीवर उभ्या विमानात बसल्या जागी ते समोरच्या डायलींकडे बघत राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना चढून माझ्याकडे आले.

"बाई, इमानातला काटा खोटं बोलतुया."

मी खाली जाऊन पाहिलं. मला त्यातलं काही कळलं नाही, पण अण्णांनी पडद्यावर बोट ठेवून समजावलं. इंजिन बंद होतं, पंखा थांबलेला होता, आणि तेलाच्या दाबाचा काटा मात्र निम्म्यावर. जगभरातल्या हजारो लोकांनी ते विमान उडवलं असेल. ते सगळे खिडकीबाहेर बघत होते. काट्याकडे बघणारा माणूस सांगलीत होता.

ही चूक ज्याला कळवायची त्याचं नाव मार्टिन. कुठल्याशा थंड देशातला गृहस्थ, विमानांच्या पॅनेलचं काम त्याच्याकडे. अण्णा त्याला पहिल्या दिवसापासून मारुतराव म्हणत. मार्टिनला मेल इंग्रजीत लिहायचा, म्हणून मी. अण्णांना इंग्रजी वाचता येत होतं, कारखान्याच्या यंत्रांची पुस्तकं वाचून आलेलं. पण लिहायची त्यांना लाज वाटे.

"लिवा बाई. मारुतराव, इंजान बंद, पंखा थांबल्याला, आन् तुमचा तेलाचा काटा निम्म्यावर. तुमच्या घरी चूल न पेटवता भात शिजतो काय?"

मी इंग्रजीत लिहिलं, महोदय, तेलदाब दर्शवणाऱ्या मापकाबाबत एक किरकोळ विसंगती आपल्या निदर्शनास आणून देण्याची अनुमती असावी.

अण्णा पडद्याजवळ तोंड नेऊन एकेका शब्दावर बोट फिरवत वाचायला लागले.

"चुलीचं कुटं हाय?"

"ते गर्भित आहे, अण्णा."

"गर्भित म्हंजी?"

"आत आहे. दिसत नाही."

त्यांनी पडद्याच्या बाजूला वाकून बघितलं आणि म्हणाले, "बरं. तुमास्नी जास्त कळतंय."

अशी आमची सहा-सात वर्षांची टपालकी सुरू झाली. ते 'मारुतरावाचं डोस्कं ठिकाणावर न्हाई' असं सांगत, मी 'आपल्या मताचा पूर्ण आदर राखून' असं लिहीत. त्या मंडळींत अण्णांची ख्याती पूर्वेकडचा एक अत्यंत विनम्र वृद्ध अशी झाली. एकाने तर त्यांच्या संयमाबद्दल लिहिलं होतं. मी ते आक्कांना वाचून दाखवलं. आक्का हातातला पोळपाट खाली ठेवून हसत बसल्या.

चुका सांगता सांगता अण्णा स्वतः डायली करायला शिकले. मुलीने फोनवर थोडं शिकवलं, बाकी त्यांनी वाचून घेतलं. डायलची पाटी म्हणजे एक चित्र, काटा म्हणजे दुसरं चित्र, आणि किती उंचीला किती फिरायचं हे काट्याला सांगणारं तिसरं लिखाण. अण्णांना यात अवघड असं काही वाटलंच नाही. आधी त्यांनी फायलींच्या ठेवणीला हात घातला. तिथली ठेवण बघून त्यांचं रक्त खवळलं होतं. एका विमानाचा काटा हेलिकॉप्टरच्या फोल्डरमध्ये, त्याची पाटी तिसरीकडेच, आणि त्याच काट्याच्या पाच प्रती पाच नावांनी. कारखान्याच्या स्टोअरमध्ये असं झालं असतं तर स्टोअरकीपरला घरी पाठवलं असतं, असं ते म्हणत. वर्षभर खपून त्यांनी सगळं रांगेला लावलं, फळी, खण, खणावर पाटी या क्रमाने, आणि फोल्डरांना त्यांना सुचतील ती नावं दिली. इंग्रजी अक्षरांत, पण नावं आपली. काटे. पाट्या. काचा. दिवे. कुणीतरी तक्रार केली की ही नावं कळत नाहीत. मार्टिनने उत्तर दिलं की नावं कळत नाहीत हे खरं, पण वस्तू पहिल्यांदाच सापडायला लागल्या आहेत. नावं राहिली. आज त्या थंड देशातल्या माणसालाही काटा हवा असला तर 'काटे' असंच टाइप करावं लागतं. माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत भाषेचा एवढा प्रसार माझ्या हातून झालेला नाही.

अण्णा सूर्यास्तानंतर जेवत नसत. जैन घरातला हा जुना नेम, आणि अण्णा तो काटेकोर पाळत. आजवर ते कॅलेंडरात छापलेली वेळ बघून जेवायला बसायचे. सिम्युलेटर आल्यावर त्यांना कळलं की त्यात खऱ्या वेळेप्रमाणे खरा सूर्य उगवतो आणि मावळतो, ज्या गावात विमान उभं कराल त्या गावचा. त्यांनी कराडच्या धावपट्टीवर विमान उभं केलं, कारण सांगलीच्या जवळची तीच, आणि पाहिलं तर सूर्य कॅलेंडरच्या आधीच बुडाला. कॅलेंडर मुंबईच्या वेळा छापत होतं. अण्णा हादरले. जन्मभर आपण काही दिवशी पाच-सात मिनिटं सूर्यास्तानंतर जेवलो, हा हिशेब त्यांनी त्या संध्याकाळी मांडला आणि दुसऱ्या दिवशी उपवास केला. मंदिरातही जाऊन सांगितलं. तिथल्या वडीलधाऱ्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, अण्णा, तुम्ही खिडकीतनं बाहेर का बघत नाही?

खिडकीतून बघायचं अण्णांना पटत नव्हतं. समोर इमारत होती. तेव्हापासून संध्याकाळी कराडच्या धावपट्टीवर त्यांचं विमान उभं असे आणि शेजारच्या खोलीत ताट वाढलेलं असे. एक दिवस ते कुठल्यातरी डायलच्या रेघा मारण्यात गुंतले. आक्कांनी तीनदा हाक मारली. चौथ्यांदा त्या आत आल्या आणि पडद्यावर सूर्य बुडालेला दाखवला. मी तिथेच होते. अण्णांना भूक लागली होती. त्यांनी थोडा विचार केला, उंचीच्या खान्यात पस्तीस हजार फूट असा आकडा घातला, आणि विमान एकदम वर गेल्याबरोबर क्षितिजावर सूर्य पुन्हा दिसायला लागला. चांगला लालबुंद.

"ह्ये बग. हाय की अजून," अण्णा म्हणाले.

आक्कांनी पडद्याकडे बघितलं, सूर्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"मग तितंच जेवा," त्या म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या.

त्या दिवशी अण्णा उपाशी राहिले. पडद्यावरचा सूर्यही थोड्या वेळाने बुडाला, पण तोवर त्यांनी त्याच्याकडे पाठ केली होती. मला वाटतं, आकडा घातल्या क्षणीच त्यांना ओशाळल्यासारखं झालं असावं. सोयीसाठी काटा फिरवायचा नसतो, असं त्यांनी आजवर कारखान्यातल्या किती साहेबांना सुनावलं होतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते. इतकी वर्षं अण्णा दुसऱ्यांची पॅनेलं दुरुस्त करत होते. मग त्यांनी एक आख्खं पॅनेल स्वतः करायला घेतलं, दोन माणसांच्या एका शिकाऊ विमानाचं. दीड वर्ष लागलं. पाट्यांवरचे आकडे त्यांनी आधी कागदावर हाताने काढले, मग संगणकात घेतले. मला वर हाक मारून विचारत, हा सात जास्त पोट सुटलेला वाटतो का? ते मूळ संग्रहात घेतलं जावं, म्हणजे सिम्युलेटर उघडणाऱ्या प्रत्येकाच्या पडद्यावर ते असावं, एवढी एकच इच्छा त्यांना होती. दुसरं काही मागताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

"माजं काटं भंगारात गेलं, बाई," ते एकदा म्हणाले. "किलोवर गेलं. ह्ये तरी कुटंतरी फिरत ऱ्हावं."

पॅनेल सुंदर झालं होतं. त्यात एकच गोष्ट अशी होती की जी जगात कुणी मुद्दाम केली नसती. अण्णांनी काटे अडकवले होते. म्हणजे विमान वर जाताना उंचीचा काटा थोडा मागे रेंगाळे, आणि माउसचा बाण नेऊन काचेवर टिचकी मारली की टक् असा आवाज होऊन योग्य आकड्यावर येई. हे घडवणारी एक वेगळी फाइल होती. तिचं नाव त्यांनी ठेवलं होतं, आळस.

मार्टिनने पॅनेलची तोंड भरून स्तुती केली आणि शेवटी विचारलं, काटे अडकतात, ही चूक कधीपर्यंत दुरुस्त होईल?

अण्णा वर आले. त्या दिवशी माझ्या टेबलावर दहावीच्या पूर्वपरीक्षेचे निबंध पडले होते, ऐंशी-पंच्याऐंशी, आणि दुसऱ्या दिवशी गुण द्यायचे होते. अण्णांनी सांगायला सुरुवात केली आणि मी लिहून घेत गेले. त्यांनी बॉयलरची गोष्ट सांगितली. फार पूर्वी कारखान्यात एक माणूस नवीन लागला होता. त्याला काम दिलं होतं की दर पंधरा मिनिटांनी बॉयलरचा काटा बघायचा आणि वहीत दाब लिहायचा. काटा नॉर्मलवर होता. तो बघायचा आणि लिहायचा. दोन तास लिहीत होता. मग शिवाप्पा नावाचा म्हातारा फायरमन तंबाखू मळत तिथे आला, त्याने सवयीने काचेला टिचकी मारली, आणि काटा नॉर्मलवरून जो सुटला तो थेट लाल रेघेच्या पलीकडे. राखेने आणि मळीच्या वाफेने अडकला होता. शिवाप्पाने तंबाखू टाकली, आग काढायला लावली, वाफ सोडली, कुणाला काही झालं नाही. पण खाली शिफ्टची तीस-चाळीस माणसं होती.

"त्येला लिवा," अण्णा म्हणाले, "काटा आडकतोच. आडकत न्हाई तो काटाच न्हवं. शिकणाऱ्याला ह्ये आदी कळाय पायजे. न्हाईतर त्यो बगंल आन् लिवंल."

दीड पान झालं होतं. मी ते वाचलं आणि माझ्या हाताने, माझ्या इतक्या वर्षांच्या सवयीच्या हाताने, त्याला मनातल्या मनात तांबडी रेघ मारली. विषयांतर. विमानाच्या मेलमध्ये साखर कारखाना, तंबाखू मळणारा म्हातारा, मळीची वाफ. मी इंग्रजीत लिहिलं, वास्तवाशी अधिक साधर्म्य राखण्याच्या हेतूने सदर सुविधा समाविष्ट केली आहे, तरी ती कायम ठेवावी ही विनंती. एक वाक्य. चांगलं होतं वाक्य.

अण्णांनी नेहमीप्रमाणे बोट फिरवत वाचलं. खालपर्यंत गेले, पुन्हा वर आले, पुन्हा खाली गेले. मग टेबलावरच्या निबंधांच्या ढिगाकडे त्यांनी पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "तुमास्नी जास्त कळतंय."

मार्टिनचं उत्तर दोन दिवसांनी आलं. त्याने लिहिलं होतं की वास्तवाशी साधर्म्य ही गोष्ट चांगली, पण संगणकातल्या काट्यात मुद्दाम दोष घालण्याला काही कारण दिसत नाही, लोक तक्रारी करतील. अडकणं काढून टाकलं तर पॅनेल याच आवृत्तीत घेता येईल. नाहीतर घेता येणार नाही.

अण्णा चार दिवस वर आले नाहीत. सकाळच्या बारा टिचक्या चुकल्या नाहीत, पण त्या मारताना ते काट्यांकडे बघत नव्हते. आक्का मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "आवं बाई, जेवण बी बातमीवरच्या डाळीवानी चावून चावून खात्यात. काय झालंय?" मी सांगितलं. आक्का म्हणाल्या, "एका काट्यापायी?" आणि मग स्वतःच म्हणाल्या, "तसा त्येंचा जलमच एका काट्यापायी गेलाय."

पाचव्या दिवशी ते वर आले. "लिवा बाई. काडलं."

"एवढंच?"

"एवडंच."

पॅनेल घेतलं गेलं. शंभर देशांतले लोक म्हणे आता ते वापरत होते. मी साताऱ्याहून कंदी पेढे आणले होते, ते आम्ही वाटले. अण्णांनी एक पेढा घेतला, 'लय ग्वाड हाय' म्हणाले आणि पॅनेल उघडून बघत बसले. बाण उंचीच्या काचेवर नेला आणि बटण दाबलं. काही झालं नाही. काटा बरोबर होता.

मला तेव्हा वाईट वाटलं, पण ते त्यांच्यासाठी. माझ्या मेलाचा त्यात काही संबंध आहे असं माझ्या मनातही आलं नाही.

त्या उन्हाळ्यात मी निवृत्त झाले आणि साताऱ्याला आले. आक्कांनी निघताना डबा दिला, अण्णांनी माझ्या सामानाच्या टेंपोच्या सगळ्या डायलींना टिचक्या मारून ड्रायव्हरला हैराण केलं. पुढे वर्षभराने मुलीने ओळख काढून अण्णांना कराडच्या धावपट्टीवर एक खरं शिकाऊ विमान बघायची परवानगी मिळवली. कराड आम्हाला दोघांनाही अर्ध्या वाटेवर. अण्णा आणि आक्का सांगलीहून आले, मी साताऱ्याहून गेले.

अण्णांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि पायजमा नवा होता. विमान शिकवणारी मुलगी वडूजची निघाली. "या काका, चढा, पंखावर पाय नका देऊ," म्हणत तिने त्यांना आत बसवलं. अण्णांनी समोर बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. समोर दोन मोठे पडदे होते. आकडे, रंगीत पट्ट्या. कारखान्यात आले होते तसेच. जन्मात पहिल्यांदा विमानात बसलेला माणूस इतका हिरमुसलेला मी दुसरा पाहिला नाही.

"काटं?" अण्णांनी विचारलं.

"आहेत की. हे बघा." तिने पडद्यांच्या खाली बोट दाखवलं. तिथे तीन लहान गोल डायली होत्या. "पडदे गेले तर यांच्यावर उतरायचं." आणि बोलता बोलता तिने उंचीच्या डायलला टक् अशी टिचकी मारली.

अण्णा तिच्या बोटाकडे बघत राहिले. "ह्ये कशापायी केलं, पोरी?"

"सवय हो. आमच्या सरांनी लावली. काटा अडकलेला असतो कधी कधी."

अण्णांनी मान वळवून, काचेतून, खाली उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. पण त्या क्षणी मला ते दीड पान आठवलं, त्यातला शिवाप्पा आठवला, आणि मी काय केलं होतं ते लख्ख कळलं. बोलायला हवं होतं. मी आक्कांशी पाण्याच्या बाटलीविषयी बोलायला लागले. संध्याकाळी कराडच्या स्टँडवर सांगलीची एसटी आधी लागली. अण्णा खिडकीशी बसले, आक्कांनी हात हलवला, अण्णांनी नुसती मान हलवली. त्यांना मी पाहिलं ते तेवढं शेवटचं. दोघं ठणठणीत आहेत, पण माझे गुडघे गेले आणि सांगलीला जाणं राहूनच गेलं.

आठ दिवसांनी त्या मंडळींच्या, सगळ्यांना एकदम जाणाऱ्या मेलच्या यादीवर एक मेल आला. यादीतून माझं नाव कुणी काढलेलं नव्हतं. मेल अण्णांचा होता, त्यांनी स्वतः लिहिलेला, यंत्राच्या पुस्तकातल्या सूचनांच्या इंग्रजीत, क्रमांक घालून.

एक. बॉयलरवर माणूस नवीन. दोन. काटा नॉर्मल. तीन. माणसाने वहीत नॉर्मल लिहिलं, दोन तास. चार. शिवाप्पाने टिचकी मारली. पाच. काटा लाल रेघेपलीकडे. सहा. तो माणूस मी. सात. टिचकी मारल्याशिवाय काट्यावर विश्वास ठेवू नये. शिकणाऱ्याला हे आधी शिकवावे.

सहावं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला त्यांनी ते सांगितलं नव्हतं. कदाचित सांगणारही होते, मी तांबडी रेघ मारायला घाई केली नसती तर.

मार्टिनचं उत्तर त्याच दिवशी आलं, सगळ्यांना. आळसाची फाइल आजच परत पाठव, ती पुढच्या आवृत्तीत जाईल, असं त्याने लिहिलं होतं. आणि खाली विचारलं होतं, ही गोष्ट तू आम्हाला तेव्हाच का सांगितली नाहीस? सांगितली असतीस तर मी ती काढायला लावलीच नसती.

आता ते खरं लिहिणार, आणि त्यांनी लिहावंच, असं मला वाटलं. जो माणूस रक्तदाबाच्या काट्याला खोटं बोलू देत नाही, तो दुसरं काय लिहिणार. मी पडद्यासमोर बसून राहिले. पाऊण तासाने त्यांचं उत्तर आलं. एकच ओळ होती.

तेव्हा आठवलं नव्हतं.

चाळीस वर्षं ज्या गोष्टीपायी हा माणूस गावभर टिचक्या मारत हिंडला, ती म्हणे त्याला आठवली नव्हती. मी साताऱ्याच्या माझ्या खोलीत बसून रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. बॉयलरच्या वहीत त्यांनी दोन तास खोटं लिहिलं होतं ते न कळत. हे मात्र त्यांनी कळून सवरून लिहिलं, आणि खाली आपलं पूर्ण नाव घातलं.